सद्यःस्थितीसह पुन्हा सादर करावे

१ सप्टेंबर, सकाळी ५.५०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. मोठ्या कामांचा इतिहास लोक मागाहून चुकीचा लिहितात, म्हणून एक खरी प्रत असावी.

काल जनरलसाहेबांनी बोलावलं. २६ तारखेला नकाशावरचा युद्धसराव आहे. निळी बाजू आपली, लाल बाजू शत्रूची. त्यात आमच्या निर्णय-साहाय्य विभागाचं यंत्र बसवायचं. लढाईत मिनिटामिनिटाला चित्र पालटतं, बातम्या उलटसुलट येतात, कमांडरचं डोकं चालेनासं होतं. अशा वेळी यंत्राने सगळं वाचून पडद्यावर एका ओळीत सांगायचं की आता हे करा. जमलं तर यंत्र प्रत्येक ब्रिगेडच्या मुख्यालयात जाईल आणि मी कर्नलचा ब्रिगेडियर होईन. नाही जमलं तर काय, ते साहेब स्पष्ट बोलले नाहीत. फक्त म्हणाले की कपड्यांच्या डेपोला एक कर्नल हवाय. मी हसलो. ते हसले नाहीत, पण ते एरवीही हसत नाहीत. डेपो कुठल्या गावाला आहे हेसुद्धा मी विचारलं नाही. गरजच काय?

संकल्प: रोज पाचला उठणे. प्रत्येक निर्णय पाच मिनिटांत. साखर बंद. (आज उशीर झाला, कारण गजर मोबाइलवर लावावा की घड्याळावर हे ठरत नव्हतं.)

२ सप्टेंबर

यंत्राला नाव हवं. दरारा वाटेल असं. सहा नावं सुचली, सहाही चांगली. समिती नेमली. तोवर यंत्राच्या कपाटावर चिठ्ठी लावायला सांगितली: "नाव: प्रलंबित." संध्याकाळी पाहतो तर सगळं ऑफिस त्याला "प्रलंबित" म्हणायला लागलंय. लोकांना घाई फार.

४ सप्टेंबर

प्रोग्रॅमरबाई केबिनमध्ये आल्या. वय असेल तिशीच्या आतबाहेर, हुशार आहेत, पण वरिष्ठांशी बोलताना घड्याळ बघतात. म्हणाल्या की यंत्र आपल्या मनाने काही ठरवत नाही. अनुभवी कमांडरांनी आजवर कुठल्या प्रसंगी काय निर्णय दिले ते त्याला वाचायला द्यावं लागतं, त्यावरून ते शिकतं. तर निदान वीस-पंचवीस कमांडरांचे कागद मिळवून द्या.

वीस-पंचवीस ठिकाणी परवानग्या मागायच्या म्हणजे वर्ष जाईल. शिवाय वीस आचारी स्वयंपाकघरात शिरले की भाजीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिथल्या तिथे निर्णय दिला की माझेच कागद घ्या. सव्वीस वर्षांची नोकरी, एकही निर्णय आजवर चुकलेला नाही. एका निर्णयाबद्दलही कुणी मला कधी जबाबदार धरू शकलेलं नाही. असा दुसरा कमांडर दाखवा.

हेडक्लार्कला सांगितलं की माझ्या सगळ्या फायली काढा आणि त्यांवरचा माझ्या हातचा प्रत्येक शेरा बाईंकडे द्या. हेडक्लार्क माझ्याबरोबर चौदा वर्षं आहे. तो म्हणाला, "सगळे शेरे, साहेब?" आदरानेच म्हणाला असावा.

५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

पाचला जाग आली होती. उठायचं की नाही याचा विचार करताना सात वाजले.

नाश्त्याला सौ.ने विषय काढला. बसने आठ तास लागतात त्या गावच्या एका शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचं, उत्तर १२ तारखेपर्यंत द्यायचं. पंचवीस वर्षं ती माझ्या बदल्यांच्या मागे मागे गाव बदलत, मिळेल त्या शाळेत शिकवत राहिली, आता पहिल्यांदा तिला कुणीतरी खुर्ची देतंय, असं ती म्हणाली. आणि मग विचारलं, "मी जाऊ का? आणि तुम्ही याल का?"

एका श्वासात दोन प्रश्न. मी म्हटलं, असं तोंडी नको, लिहून दे.

६ सप्टेंबर

तिने खरंच लिहून दिलं. वहीचा कागद, मिठाच्या बाटलीखाली. "मी जाऊ का? तुम्ही याल का?" एवढंच. वाचता वाचता फोन आला, हातात हिरवं पेन होतंच, सवयीने समासात "चर्चा करावी" असं लिहून सही केली आणि कागद बाटलीखाली परत ठेवला. संध्याकाळी चर्चेला बसणार होतो, पण नाव-समितीची बैठक लांबली. नावं आता नऊ झालीत.

९ सप्टेंबर

मिठाच्या बाटलीखाली तोच कागद. खाली तिच्या अक्षरात: "चर्चा झाली नाही. शाळेचा पुन्हा फोन आला होता. हो म्हणू की नाही?" मुद्देसूद आहे. मात्र घराचं काय, सामानाचं काय, माझ्या जेवणाचं काय, यावर काहीच नाही. "सद्यःस्थितीसह पुन्हा सादर करावे" असा शेरा मारला.

तिने तो वाचला आणि हसली. शिस्त आवडते तिला.

मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन दूर देशी असते. म्हणाली, "बाबा, आईला काहीतरी एक सांगून टाका ना." मी तिला समजावलं की आपण कच्च्या माहितीवर निर्णय घेत नसतो. ती म्हणाली, "हो, माझ्या लग्नाच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, आणि हॉलवर पोचल्यावर कळवलंत की तुमची हरकत नाही." काहीतरी जुनं उकरून काढायची सवय आहे तिला.

११ सप्टेंबर

चष्मा घरी विसरलो. दिवसभर कागद म्हणजे पांढरं धुकं.

दुपारी सौ. चष्मा घेऊन ऑफिसात आली. एरवी कधी येत नाही. आली ती आधी हेडक्लार्ककडे. दोघं पंधरा-वीस मिनिटं काय बोलत होती कोण जाणे. मग हेडक्लार्क सह्यांचा गठ्ठा घेऊन आत आला, मागून सौ. मी म्हटलं, आधी चष्मा दे. ती म्हणाली की पुसायचा आहे, आणि पदराने काचा पुसत उभी राहिली. हेडक्लार्क म्हणाला, "रोजचेच कागद आहेत साहेब, तोवर उरकून घेऊ." जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. एका कागदावर तो म्हणाला की इथे नुसती सही चालत नाही, "मान्य" असं लिहावं लागतं. स्टेशनरीची मागणी असणार. लिहून दिलं. माणसाने क्षुल्लक बाबतीत अडवणूक करू नये.

सह्या संपल्या तेव्हा चष्मा पुसून झाला. एवढा वेळ लागतो का पुसायला? पण काच लखलखीत होती हे मान्य करायला हवं.

१३ सप्टेंबर

उत्तराची मुदत काल टळली. आज मिठाच्या बाटलीखाली काही नव्हतं. सौ.ने विषय काढला नाही, मीही काढला नाही. प्रकरण आपोआप निकाली निघालं. सव्वीस वर्षांच्या अनुभवातून सांगतो, कुठलाही प्रश्न पुरेसा वेळ पडून राहिला की विचारणाराच दमतो.

आनंदात चहात दोन चमचे साखर घेतली. साखर-बंदी उद्यापासून नव्याने.

१७ सप्टेंबर

सौ.ने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्यात. माझे लोकरीचे कपडे उन्हात घातलेत, तिच्या पुस्तकांचे गठ्ठे बांधलेत. साफसफाई जोरात आहे. बायकांना एकदा झटका आला की आवरत नाहीत.

१९ सप्टेंबर

प्रोग्रॅमरबाई एक तक्ता घेऊन आल्या. यंत्राने माझे ११ हजार ४१२ शेरे वाचले. त्यात "चर्चा करावी" शंभरात एकसष्ट. "पुन्हा सादर करावे" चोवीस. "तूर्त प्रलंबित" चौदा. उरलेल्यात "दप्तरी दाखल" आणि किरकोळ.

मी म्हटलं, याला सातत्य म्हणतात. बाई म्हणाल्या की सर, यात निर्णय कुठे आहेत? मला हसू आलं. तरुण मंडळींना निर्णय म्हणजे "जा" आणि "थांब" एवढंच वाटतं. त्यांनी निदान आणखी दोन कमांडरांचे कागद मिळावेत असा अर्ज पुढे केला. रीतसर होता. "चर्चा करावी" म्हणून परत दिला.

जाता जाता म्हणाल्या की सगळ्या नोकरीत "मान्य" हा शेरा एकदाच सापडला, तोही याच महिन्यात. यंत्राला तो खटकतोय, चूक समजून वगळू का? मी म्हटलं, वगळा. स्टेशनरीचं आहे ते.

२२ सप्टेंबर

रंगीत तालीम. यंत्राला चाचणी म्हणून विचारलं की डोंगराआडून शत्रूची हालचाल दिसतेय, काय करावं. यंत्र अर्ध्या सेकंदात म्हणालं, "चर्चा करावी. खात्री: शंभरात सत्त्याण्णव." अर्धा सेकंद! मला सव्वीस वर्षांत इतक्या चटकन जमलं नसतं. बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, ऑफिसात उकाडा फार आहे. लढाईच्या पहिल्या मिनिटाला चर्चा हे बरोबरच आहे. गोळीबार सुरू झाला की यंत्र पेटून उठेल.

ब्रिगेडियरचा गणवेश शिवायला आजच टाकावा का, याचा विचार केला. रंगाच्या दोन छटा आहेत.

२५ सप्टेंबर

उद्या सराव. भाषणाची दोन टाचणं तयार केली, एक विनम्र, एक ऐटबाज. सौ.ने दोन्ही ऐकली. म्हणाली की दोन्ही खिशात ठेवा. मग म्हणाली की परवा सकाळी मी निघतेय. मी म्हटलं, हो हो. कुठे ते विचारायचं राहून गेलं.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो. इतिहासासाठी.

मोठं दालन. मधोमध टेबलाएवढा नकाशा, त्यावर एक नदी, नदीवर एकच पूल. भिंतीवर यंत्राचा पडदा. समोर जनरलसाहेब, मागे पन्नासेक अधिकारी. नऊ वाजता सुरुवात. पहिली बातमी: लाल बाजूचे रणगाडे पुलापासून वीस किलोमीटरवर. पूल उडवायचा, राखायचा की सोडून मागे यायचं? साहेबांनी पडद्याकडे पाहिलं.

यंत्र: "चर्चा करावी."

साहेब म्हणाले, ठीक आहे, पुढे. नऊ दहा. रणगाडे आठ किलोमीटरवर, दुसरी तुकडी उत्तरेकडून येतेय असा एक निरोप, येत नाही असा दुसरा.

यंत्र: "निरोपांत तफावत आढळते. पूल उडवण्यापूर्वी संबंधित विभागाचे अभिप्राय घ्यावेत."

कुणीतरी मागे खोकलं. नऊ अठरा. रणगाडे पुलावर. साहेब उभे राहिले.

यंत्र: "सद्यःस्थितीसह पुन्हा सादर करावे."

सादर केलं. बाईंनी सगळं पुन्हा टाइप केलं. तोवर नऊ चोवीस. रणगाडे पुलाच्या अलीकडे, निळ्या बाजूचं मुख्यालय घेरलेलं, म्हणजे आम्हीच. पडदा लुकलुकला.

यंत्र: "प्रकरण कालबाह्य झाले. दप्तरी दाखल करावे. खात्री: शंभरात शंभर."

पन्नास अधिकारी एकदम हसले की आधी एक हसला आणि मग बाकीचे, ते मला सांगता येणार नाही. जनरलसाहेब हसले नाहीत. त्यांनी प्रोग्रॅमरबाईंना विचारलं की यंत्र बिघडलंय का. बाई म्हणाल्या, "नाही सर. अगदी बरोबर चाललंय. दिलेल्या कमांडरसारखं हुबेहूब." साहेबांनी विचारलं, कोणता कमांडर. सगळं दालन माझ्याकडे बघत होतं, त्यामुळे बाईंनी उत्तर देण्याची गरजच नव्हती.

साहेब म्हणाले, "अशी यंत्रं मुख्यालयात आधीच पुष्कळ आहेत, कर्नल. ती पगार घेतात."

भाषणाची टाचणं खिशातच राहिली. माझं मत: नदी फार अरुंद घेतली होती. पुलाला आणखी दोन दिवस मिळाले असते तर यंत्राने सगळ्यांना गार केलं असतं.

२७ सप्टेंबर, सकाळी ९.३०

सौ. गेली.

सकाळी उठलो तर दाराशी दोन ट्रंका आणि एक हँडबॅग. साडीला पिन लावत ती म्हणाली की शाळेला बारा तारखेलाच हो कळवलं. मी म्हटलं, मला न विचारता? ती म्हणाली, तीनदा विचारलं. मोजलं तर खरंच तीनदा होतं.

रिक्षा आली. ती उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "अहो, आता तरी काही म्हणायचंय?" जाऊ नकोस, असं म्हणता आलं असतं. थांब, मीही येतो, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही वाक्यं सारखीच खरी होती, आणि दोन्ही एकदम म्हणता येत नाहीत. मी म्हटलं, पोचलीस की फोन कर. ती हसली. असल्या प्रसंगी हसण्यासारखं काय होतं? जाता जाता म्हणाली, लोकरीचे कपडे वरच्या ट्रंकेत आहेत, तिकडे थंडी असते. तिकडे म्हणजे कुठे, हे विचारेपर्यंत रिक्षा वळली.

२८ सप्टेंबर

मिठाची बाटली सापडत नाही. चष्मा सापडत नाही. हे चष्म्याशिवाय लिहितोय, त्यामुळे ओळी वाकड्या आल्या असतील.

घर फार मोठं आहे. इतकी वर्षं हे लक्षात आलं नव्हतं. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. उपाय सुचलेला नाही.

२९ सप्टेंबर

विभाग बंद. आजच्या आज. प्रोग्रॅमरबाईंना दुसरीकडे घेतलंय. त्या निरोप घ्यायला आल्या आणि म्हणाल्या की सर, यंत्र उद्या पुसून टाकणार आहेत, काही शेवटचं विचारायचंय का? त्या चहाला गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पडद्याला नाक लावून टाइप केलं: "पत्नी गेली. काय करावे?"

यंत्र: "तूर्त प्रलंबित ठेवावे."

मूर्ख आहे. सरळ सरळ मूर्ख आहे. बाईंना सांगितलं, उद्या कशाला, आजच पुसा. त्या म्हणाल्या, लेखी द्या. मी दिलं नाही.

दुपारी बदलीचा हुकूम आला. कपड्यांचा डेपो. मोजे, बूट, घोंगड्या. चार दिवसांत रुजू व्हायचं. कागद डोळ्यांपाशी धरून गावाचं नाव वाचलं. सौ.ची शाळा आहे तेच गाव.

मी तडक जनरलसाहेबांकडे. म्हटलं, साहेब, एका सरावावरून अशी शिक्षा? ते म्हणाले, "शिक्षा कसली? तुमचाच अर्ज आहे. ११ तारखेपासून माझ्या टेबलावर होता. सरावापर्यंत थांबवून ठेवला होता. खरं सांगू कर्नल, अर्ज वाचून मला तुमच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला." मी अर्ज वगैरे केलेला नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्यांदाच वाटलेला आदर होता, तो वाया कोण घालवेल?

३० सप्टेंबर, दुपारी ४

हेडक्लार्ककडून फाइल मागवली. त्याने ती आणली, सोबत चष्माही आणला. म्हणाला, बाईसाहेब जादाचा एक माझ्याकडे ठेवून गेल्यात.

अर्ज टाइप केलेला. फक्त "बदलीचे कारण" या रकान्यात हाताने लिहिलंय, अक्षर सौ.चं: "अर्जदाराची पत्नी त्या गावी नोकरीस जात आहे. अर्जदाराचे तिच्यावाचून चालत नाही. पत्नीचेही चालत नाही, पण हे अर्जदारास कळवलेले नाही." त्याखाली हिरव्या शाईत, माझ्या हातचं, थोडं तिरकं: मान्य. आणि सही.

मी ते तीनदा वाचलं. मला कळवायला हवं होतं. ही माहिती वेळेवर मिळाली असती तर मी पाच मिनिटांत निर्णय घेतला असता.

हेडक्लार्क अजून उभाच होता. म्हणाला, अर्ज मागे घ्यायचा असेल तर तसा कागद लगेच तयार करतो, आपण फक्त सही करायची. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, चर्चा करायची? मी म्हटलं, नको म्हटलं ना. त्याने घड्याळाकडे पाहिलं. निर्णयाला दोन सेकंद लागले असतील. मीही ते बघून ठेवलंय.

१ ऑक्टोबर, दुपारी २

आजच निघायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचं. सकाळची बस ६.४० ची, तिला खिडकी मिळते. दुसरी ८.१५ ची, तिला पाठ टेकता येते. कागदावर उभी रेघ मारून दोन्हींचे फायदे-तोटे लिहायला बसलो. दोन्ही गेल्या.

सौ.चा फोन आला. आवाज मोठा, मागे पोरांचा कलकलाट. खजील होऊन सांगितलं की आज काही जमलं नाही. ती म्हणाली, "माहितीय. तुमचं तिकीट मी परवाचंच काढलंय."